"आत कुठं लागतं लायसन?" नाशिकच्या कारखान्यात, साइटवर आणि मळ्यात मशिन कुणाच्या हातात द्यायचं, याची पायरी-पायरीने माहिती

सकाळी सातची शिफ्ट. अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर हायड्रा, म्हणजे माल लटकवून नेणारी चाकांची क्रेन, येऊन उभी राहते. वॉचमन गाडीचा नंबर लिहितो, वेळ लिहितो, ठेकेदाराचं नाव लिहितो आणि गेट उघडतो. वर बसलेला पोरगा कोण, त्याचं वय काय, हे मशिन तो कुठं शिकला, यातलं काहीच रजिस्टरमध्ये जात नाही, कारण तसा रकानाच नाही. यार्ड आणि स्टोअर सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. चालवणाऱ्याचं लायसन कुठंय, या प्रश्नावर मिळणारं उत्तर मला आता पाठ झालंय: "साहेब, आत कुठं लागतं लायसन?"

हे उत्तर अर्धं खरं आहे आणि तीच त्याची अडचण आहे. आरटीओचं लायसन हा रस्त्याचा परवाना. गेटच्या आत मोटार वाहन कायदा बऱ्याचदा थांबतो. पण तिथूनच दुसरे कायदे सुरू होतात आणि ते वेगळं काहीतरी मागतात: हा माणूस हे मशिन शिकलाय, त्याची तब्येत त्या कामाला योग्य आहे आणि तुम्ही त्याला नेमलंय, हे दाखवा. रस्त्यावर जे काम आरटीओ करतं, ते आत मालकाला स्वतः करावं लागतं. शिकवायचं, परीक्षा घ्यायची, परवाना द्यायचा आणि वेळ आली तर काढूनही घ्यायचा. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: तुमची जागा खरोखर "आत" आहे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ३ म्हणतं की सार्वजनिक जागी लायसनशिवाय वाहन चालवता येणार नाही. सार्वजनिक जागा म्हणजे काय, ते कलम २(३४) मध्ये आहे: ज्या रस्त्यावर किंवा ठिकाणी लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती जागा. जमीन कुणाच्या नावावर आहे, याला इथं महत्त्व नाही. सातबारा खाजगी असूनही जागा सार्वजनिक ठरू शकते.

विम्याच्या बाबतीत तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्येच हा अर्थ बराच रुंद केला. जागा खाजगी मालकीची असली, पण लोकांचा तिथं वावर असला, मग तो मोकळा असो की नियंत्रित, तर विम्याच्या प्रकरणापुरती ती सार्वजनिक जागाच. तो निकाल जुन्या १९३९ च्या कायद्याखालचा आहे, पण "आमच्याकडे गेट आहे, वॉचमन आहे" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, हे त्यातून कळतं.

दुसऱ्या बाजूचा निकालही माहीत असू द्या. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त यार्डात फिरणाऱ्या गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की गाड्या फक्त त्या आवारातच वापरल्या जात असतील तर त्या काळाचा मोटार वाहन कर लागत नाही. हा निकाल आला तेव्हा आमच्याकडच्या काहींनी "आता आत काहीच लागत नाही" असं जाहीर करून टाकलं. निकाल कराबद्दल आहे. चालवणाऱ्याच्या शिक्षणाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आता नाशिकची उदाहरणं घेऊ. सातपूर, अंबड, सिन्नरच्या मुसळगाव वसाहतीतले अंतर्गत रस्ते सार्वजनिक आहेत. तुमचे दोन प्लॉट समोरासमोर असतील आणि फोर्कलिफ्ट मधला रस्ता ओलांडून पलीकडे माल नेत असेल, तर ती वीस-पंचवीस फुटांपुरती तुम्ही बाहेर आहात. नंबर नाही, विमा नाही, चालवणाऱ्याकडे लायसन नाही. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीचं आवार शेतकरी, व्यापारी, हमाल, टेम्पोवाले अशा सगळ्यांसाठी खुलं असतं. तिथं "आत" हा शब्द विसराच. वायनरीत पर्यटकांसाठी टेस्टिंग रूम असेल, तर पार्किंगचा भाग एक आणि टाक्यांचा भाग दुसरा. कुंपणाच्या आतला द्राक्षमळा मात्र खरोखर आत. पण दोन गटांमधला शिवरस्ता लागला, की ट्रॅक्टर पुन्हा बाहेर.

एक साधा नकाशा काढा. लोक येऊ शकतात तो भाग लाल, फक्त कामाच्या माणसांचा भाग हिरवा. जे मशिन कधीही लाल भागात जाणार असेल, त्याला रस्त्याचे सगळे नियम लावा. शंका असेल तिथं लालच रंगवा.

पायरी २: मशिनप्रमाणे रस्त्याचं लायसन

वाहनाच्या व्याख्येतही एक सूट आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेलं खास वाहन हे कायद्याच्या दृष्टीनं मोटार वाहन नाही. कारखान्याच्या शॉपमधली बॅटरीची फोर्कलिफ्ट, स्टॅकर (माल थरावर थर रचायचं छोटं यंत्र), खाणीतला रस्त्यावर न येणारा अजस्र डंपर असे प्रकार यात बसतात.

जेसीबीचं तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बांधकाम यंत्र-वाहन असा वेगळा वर्ग आहे. लोडर, बॅकहो (आपण ज्याला जेसीबी म्हणतो तो), रोलर, ग्रेडर, मोबाइल क्रेन, फोर्कलिफ्टही त्यात येतात, मात्र ती रस्त्यावर चालू शकतील अशी बनवलेली असायला हवीत. त्यांचं रस्त्यावरचं चालणं हे मुख्य कामाच्या अनुषंगानं, थोड्या वेळापुरतं आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत धरलेलं आहे. रस्त्यावर आली की नोंदणी, विमा आणि लायसन तिन्ही हवं. रोड रोलरचा लायसनमध्ये स्वतंत्र वर्ग आहे. बाकीची यंत्रं "विशिष्ट वर्णनाचं वाहन" म्हणून नोंदवली जातात. साधं कारचं लायसन दाखवून जेसीबी पाथर्डी फाट्यावरून पळवणाऱ्यांनी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आपल्या लायसनवर काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्यावं.

ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात येतो. छोटा टेम्पोही येतो: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केलं. दहा चाकी हायवा, म्हणजे मोठा डंपर, त्या मर्यादेच्या कितीतरी वर. त्याला वाहतूक वाहनाचं लायसन लागतं. त्यासाठी वय किमान २०, हलक्या वाहनाचं लायसन काढून किमान एक वर्ष झालेलं, ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ चं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. हे लायसन पाच वर्षं चालतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. अजूनही काही जण त्यासाठी दाखले शोधत फिरतात. सॉल्व्हंट, ॲसिड असा घातक माल नेणाऱ्यांना नियम ९ प्रमाणे वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. तिची मुदत तीनच वर्षं.

लायसन नसताना चालवलं तर कलम १८१ आणि गाडी दिली म्हणून मालकावर कलम १८०. दोन्हीकडे तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. सगळ्यात जड आहे ते कलम १९९-अ. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. कांद्याची ट्रॉली घेऊन नववीतलं पोरगं बाजार समितीत आलं की गावात कौतुक होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पायरी ३: आत कुणाचा कायदा?

कारखान्याच्या आत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे आपल्या बोलीत "डिश". बांधकामावर दहा किंवा जास्त कामगार असतील तर बांधकाम कामगारांचा कायदा. खडीच्या खाणीत खाण सुरक्षा महासंचालनालय, "डीजीएमएस". फॅक्टरी कायदा १९४८, खाण कायदा १९५२ आणि बांधकाम कामगार कायदा १९९६ हे आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बदलाच्या काळात जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तिथवर, चालू धरले आहेत. मालकाच्या दृष्टीनं गाभा तोच राहतो: कामगाराला शिकवणं, माहिती देणं आणि देखरेख ठेवणं ही मालकाची जबाबदारी.

खाणवाल्यांसाठी दोन ओळी जास्त. १९५२ च्या कायद्यात लहान दगडखाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट होती, पण तीन अटी एकदम पाळल्या तरच: खोली सहा मीटरपेक्षा जास्त नाही, कामगार पन्नासपेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. आपला काळा पाषाण सुरुंगाशिवाय सहसा निघत नाही. सुरुंग लावला की सूट संपली. मग नव्या कामगाराला खाणीचं व्यावसायिक प्रशिक्षण द्यावं लागतं. त्याचे नियम १९६६ पासूनचे आहेत.

अपघात झालाच तर "ही सार्वजनिक जागा नव्हती" हा बचाव कितपत चालतो? निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ जागा पाहत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पोलीस येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, चालवत कोण होतं आणि त्याला बसवलं कुणी.

पायरी ४: माणूस निवडणं

अठराच्या आतलं कुणीही नको, "नुसतं बाजूला घ्यायला" सुद्धा नको. आधार कार्डावरची जन्मतारीख स्वतः बघा. मिशी बघून वय ठरवू नका.

डोळे तपासा: लांबचं, जवळचं आणि रंग. सिग्नलमनचा लाल-हिरवा झेंडा न ओळखणारा ऑपरेटर मी पाहिलाय. बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. ऐकू येणं तपासा. फिट, चक्कर, साखर, रक्तदाब विचारा आणि डॉक्टरांकडून लेखी घ्या. बांधकामाच्या केंद्रीय नियमांत उचल यंत्रं चालवणाऱ्यांसाठी वेळापत्रकच आहे: नेमण्याआधी एकदा, आजारपण किंवा दुखापतीनं फिटनेसवर परिणाम झाल्याची शंका असेल तर पुन्हा, चाळिशीपर्यंत दर दोन वर्षांनी आणि चाळिशीनंतर दरवर्षी. कारखान्यातही हेच वेळापत्रक लावून टाका, वेगळं डोकं चालवायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच फॉर्ममध्ये नसते. माणूस "नाही" म्हणू शकतो का? "हे वजन जास्त आहे, मी उचलणार नाही" असं सुपरवायझरच्या तोंडावर सांगणारा ऑपरेटर सोन्यासारखा. मुलाखतीत मी मुद्दाम चुकीचा हुकूम देऊन बघायचो. निमूटपणे ऐकणारे मागे ठेवायचो.

पायरी ५: शिकवणं (इथं घाई करू नका)

फोर्कलिफ्टपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. आमच्या यार्डात एकदा पंधरा वर्षं ट्रक चालवलेला, हातात सफाई असलेला माणूस फोर्कलिफ्टवर बसवला. पहिल्याच वळणावर त्यानं पुढून बरोबर जागा सोडली आणि मागचं बूड रॅकच्या खांबाला घातलं. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. ट्रकच्या सवयीनं वळवली की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि तिथं कुणी माणूस उभा असला तर तो भिंत आणि मशिन यांच्या मध्ये सापडतो. त्या दिवशी नुसता खांब वाकला. जुना अनुभव इथं आड येतो, म्हणून मुरलेल्या ड्रायव्हरला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. त्याला तो अपमान वाटतो. वाटू द्या.

पहिला धडा तोलाचा. पुढची दोन चाकं आणि मागच्या धुऱ्याचा मध्य, असे तीन बिंदू जोडून जो त्रिकोण होतो, त्याच्या आत मशिन आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य राहिला पाहिजे. माल वर गेला की तो मध्य वर जातो, मग थोडंसं वळण किंवा ब्रेकही पुरतो. जमिनीवर खडूनं त्रिकोण काढून दाखवा; वहीतल्या आकृतीपेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

दुसरा धडा मशिनवरच्या पाटीचा. "दोन टनाची फोर्कलिफ्ट" म्हणजे कुठलाही दोन टन माल उचलणारी, असं नाही. पाटीवर लिहिलेलं असतं: २,००० किलो, ५०० मिलिमीटरवर. म्हणजे काट्याच्या उभ्या पाठीपासून मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तर दोन टन. आता १.६ मीटर लांबीची पेटी घ्या. तिचा मध्य ८०० मिलिमीटरवर गेला. पुढच्या धुऱ्यापासून काट्याची पाठ ४०० मिलिमीटर धरली, तर आधीचा हिशोब २,००० गुणिले ९०० (४०० अधिक ५००). त्याला आता १,२०० नं (४०० अधिक ८००) भागा: उरले १,५०० किलो. अर्धा टन कुठंही न जाता गेला. हा अंदाजाचा हिशोब. खरा आकडा त्या मशिनच्या पाटीवर असतो, आणि माल जितका वर न्यायचा तितका तो आणखी घटतो. पाटी झिजलेली किंवा रंगवलेली असेल तर कंपनीकडून नवी मागवा. तोवर मशिन उभं. मागचं बूड उठायला लागलं की दोन हेल्पर मागे बसवायची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती दिसली तर त्याच क्षणी चावी काढून घ्या.

मग चालवणं. काटे जमिनीपासून वीतभर वर, मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा, थोडा मागे झुकवलेला. माल असेल तर चढावर तोंड वर करून चढायचं आणि उतारावर उलटं उतरायचं, म्हणजे माल नेहमी चढाच्या बाजूला. रिकामी असेल तर बरोबर उलट, काटे उताराकडे. उतारावर वळायचं नाही. माल नजरेआड करत असेल तर रिव्हर्समध्ये जायचं. कोपऱ्यावर हॉर्न. काट्यावर माणूस उभा करून ट्यूबलाइट बदलायची नाही. दिवाळीच्या साफसफाईला हे हमखास होतं.

उलटण्याचा धडा बंद मशिनवर बसवून प्रत्यक्ष करून घ्या. मशिन कलंडायला लागलं की माणसाचं शरीर आपोआप उडी मारायला बघतं, आणि वरची जाळी त्याच्याच अंगावर येते. पट्टा लावलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडत्या बाजूच्या विरुद्ध झुकायचं. पाच वेळा करून घेतलं की अंगवळणी पडतं.

द्राक्षाच्या पॅकहाउसवाल्यांनी यात दोन गोष्टी वाढवाव्यात. दिंडोरी-निफाड पट्ट्यात हंगामात रोज नवे चेहरे असतात आणि क्रेट्सच्या घाईत पायी माणसं मशिनच्या वाटेत येतात. पिवळ्या पट्ट्यांनी पायवाट वेगळी करा. दुसरं, बाहेरच्या लख्ख उन्हातून पडद्यापलीकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरताना डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही आणि फरशी ओली असते. पडद्याशी पूर्ण थांबणं हा नियमच करा.

हायड्रा ही माझ्या मते आपल्या साइटवरची सगळ्यात फसवी गाडी. माल लटकवून चालत जाते, वळताना मधून मोडते, आणि सरळ असताना सुरक्षित असलेलं वजन वळल्यावर सुरक्षित राहत नाही. तिच्या ऑपरेटरला वजनाचा तक्ता वाचता आला पाहिजे: बूम (क्रेनचा हात) किती लांब, कोन किती, वळण किती, मग वजन किती. आणि झोका थांबवायला हेल्परनं माल हातानं धरून पुढे चालायचं नाही. दोन बाजूंनी दोर बांधून, लांबून, बाजूनं चालायचं. सिग्नल देणारा एकच. पाच जण हात हलवत असतील तर ऑपरेटरनं मशिन थांबवून हात मांडीवर ठेवावेत. "थांब" हा इशारा मात्र कुणीही दिला तरी पाळायचा. क्रेनची, साखळ्यांची, पट्ट्यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी ही फॅक्टरी कायद्याच्या कलम २९ पासूनची चाल आहे. ऑपरेटरला त्या प्रमाणपत्राची तारीख तोंडपाठ हवी.

टिपरमध्ये, म्हणजे हौदा उचलून माल ओतणाऱ्या ट्रकमध्ये, मरण वर उचललेल्या हौद्यात असतं. काळ्या मातीचा भराव पावसात एका बाजूनं बसतो, हौदा वर असताना गाडी आडवी होते. सपाट, दाबलेल्या जागेवरच खाली करायचं, अडकलेला मुरूम झटके देऊन पाडायचा नाही, हौदा खाली आल्याशिवाय हलायचं नाही, आणि हौद्याखाली काम असेल तर टेकू लावल्याशिवाय शिरायचं नाही. वर तारा आहेत का, ते आधी बघायचं. तारेखाली काम असेल तर महावितरणकडून लेखी शटडाउन घ्या. तार लागलीच तर केबिनमध्येच बसून राहायचं, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून लांब उडी, आणि मग पाय जमिनीला घासत, न उचलता दूर जायचं.

जेसीबीबद्दल एवढंच: उतरताना बकेट जमिनीवर, इंजिन बंद, चावी खिशात. फिरणाऱ्या बूमच्या टप्प्यात कुणी नको. आणि बकेटमध्ये बसून माणसं खड्ड्यात उतरवायची नाहीत, सिंहस्थाची कामं कितीही घाईत असली तरी.

शिकवणार कोण? मशिन विकत घेताना ऑर्डरमध्येच लिहा की विक्रेत्यानं तुमच्या दोन माणसांना तुमच्या जागेवर शिकवायचं. सौद्याच्या वेळी ते फुकट मिळतं. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र असलेले जेसीबी-एक्स्कॅव्हेटर ऑपरेटर मिळतात, त्यांना दोन पैसे जास्त द्या. रस्त्यावरच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी तिडके कॉलनीतलं ट्रॅफिक एज्युकेशन पार्क आहे, आणि पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट). ती संस्था आहे तिथल्याच नाशिक फाट्याजवळ. पहिल्यांदा पत्ता सांगितला तेव्हा आमचे दोन ड्रायव्हर नाशिकमध्येच फाटा शोधत बसले होते.

पायरी ६: परीक्षा आणि परवानगीपत्र

शिकवणाऱ्यानंच परीक्षा घेऊ नये. दुसरा सुपरवायझर, नाहीतर बाहेरचा माणूस घ्या. तोंडी दहा प्रश्न मराठीत किंवा हिंदीत, कारण बरेच ऑपरेटर बिहार-झारखंडचे असतात आणि लिहिण्याला बिचकतात. मग प्रत्यक्ष: सकाळची तपासणी करून दाखव, अरुंद गल्लीतून रिकामी ने, माल घेऊन उतारावरून आण, रॅकवर ठेव, पार्क कर. एक प्रश्न फसवा ठेवा: पाटीपेक्षा जड माल समोर ठेवून "उचल" म्हणा. उचलला तर नापास.

पास झाला की परवानगीपत्र द्या. आयकार्डाएवढं पुरतं. त्यावर फोटो, मशिनचा प्रकार आणि क्षमता, कुठल्या भागात चालवायचं, दिल्याची आणि संपण्याची तारीख, देणाऱ्याची सही. तीन टनाच्या डिझेल फोर्कलिफ्टचं कार्ड बॅटरीच्या स्टॅकरला चालत नाही, हे कार्डावरच लिहा. पहिले दोन आठवडे जुन्या ऑपरेटरच्या नजरेखाली, गर्दीच्या वेळा टाळून. हे पत्र तुमच्या आवारापुरतं. ते दाखवून रस्त्यावर जाता येत नाही, आणि माणूस नोकरी सोडून गेला की ते परत घ्यायचं.

मुदत किती ठेवायची? अमेरिकेत फोर्कलिफ्ट ऑपरेटरचं किमान दर तीन वर्षांनी पुन्हा मूल्यमापन बंधनकारक आहे. मी दोन वर्षं ठेवतो. थोडक्यात वाचलेला प्रसंग घडला, नवं मशिन आलं किंवा माणूस सहा महिने त्या मशिनवर बसला नाही, तर मुदतीची वाट न बघता पुन्हा परीक्षा.

पायरी ७: भाड्याचं मशिन

सगळ्यात मोठं भोक इथं आहे. तासावर घेतलेल्या जेसीबीसोबत आलेला माणूस "त्यांचा" असतो, पण अपघात तुमच्या आवारात होतो. गेटवर सहा गोष्टी बघा: ऑपरेटरचं ओळखपत्र आणि वय, त्या प्रकाराची नोंद असलेलं लायसन (मशिन रस्त्यानं आलंय, म्हणजे ते हवंच), मशिनची नोंदणी आणि विमा, क्रेन असेल तर तपासणीचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, आणि रिव्हर्स हॉर्न वाजतो का. मग दहा मिनिटं तुमच्या जागेची माहिती द्या आणि सही घ्या. लायसन एकाचं आणि चालवणारा दुसरा, हे नेहमीचं. फोटो चेहऱ्याशी लावून बघा. दुपारी जेवायच्या सुटीत क्लीनर मशिनवर बसतो, म्हणून दोन वाजता पुन्हा एक चक्कर मारा.

विम्याचंही तेवढ्यात विचारून घ्या. रस्त्यासाठीची थर्ड पार्टी पॉलिसी आतल्या प्रत्येक नुकसानीला पुरेल असं नाही. ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीसाठी वेगळी पॉलिसी असते आणि तिच्या अटींमध्ये ऑपरेटरच्या पात्रतेचं कलम असतं. ते वाचलेला ठेकेदार मला अजून भेटायचाय.

पायरी ८: चावी

एवढं सगळं केल्यावरही घात होतो तो रात्रपाळीला. ट्रक लावायला जागा नाही, फोर्कलिफ्ट आडवी आहे, ऑपरेटर चहाला गेलाय, आणि कुणीतरी म्हणतं, "जरा बाजूला घे रे." चावी मशिनलाच असते.

वॉचमनच्या केबिनमध्ये काचेच्या दाराची, कुलपाची पेटी लावा. प्रत्येक हुकाखाली मशिनचा नंबर आणि त्यावर बसू शकणाऱ्यांचे फोटो चिकटवा. कार्ड जमा केलं की चावी मिळते, चावी जमा केली की कार्ड. रजिस्टरमध्ये वेळ आणि सही. वॉचमनला लेखी अधिकार द्या की फोटो नसलेल्याला, मग तो मॅनेजर असो की मालकाचा मुलगा, चावी द्यायची नाही. आणि पहिल्या आठवड्यातच मालकानं स्वतः जाऊन चावी मागावी. वॉचमननं नकार दिला तर त्याच दिवशी सगळ्यांसमोर त्याला शंभर रुपये द्यावेत.